माळवदावरचा पहारा

सध्या सेलूत घरोघर केबल यायलीय आन ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न हाय, आता लेकरांना आवरायचं कसं? काल टायपिंगच्या क्लासला आमचे सरबी म्हणाले, "घरात पोरी हायत माझ्या. त्या डब्यात काय काय दाखवायलेत! बंद तरी किती येळा करावं?" आन मला एकदम हसूच फुटलं. सरांना वाटलं मी त्यांनाच हसायलो. तसं न्हाई हो! मी मला हसत होतो. कारण लेकरांना टीव्हीपासून वाचवायचं काम आमच्या वालूरमधी माझ्याइतकं कुणी केलंच न्हाई. बारावीत नापास झालो तवापासून ती नोकरी केलीय मी. बिनपगारी. उभ्यानं. माळवदावर.

तर सर चहाला गेलेत, मशीन मोकळं हाय, आन हात असे पळायलेत की डोक्याला दम लागायलाय. काना-मात्रा चुकली तर समजून घ्या.

टीव्ही आमच्या घरी आला तवा गल्लीत दुसरा नव्हता. ब्लॅक अँड व्हाईट, लाकडाच्या पेटीतला, दोन्हीकडून सरकणारं शटर आन मधी कुलूप. लेकरांनी कवाबी लावू नये म्हणून दुकानदारानंच ते कुलूप कौतुकानं दाखवलं होतं. चावी आमच्या वडलांकडं, म्हणजे अण्णांकडं. अण्णांनी ती करदोड्याला बांधली. त्यामुळं टीव्ही उघडायचा म्हणजे अण्णांनी आधी बंडी वर करायची, पोट आत घ्यायचं, टीव्हीच्या पुढं वाकायचं आन चावी कमरेलाच ठिऊन कुलूप काढायचं. सगळी गल्ली त्यांच्या पाठीकडं बघत गप बसायची. देवळाचा दरवाजा उघडताना बसतात तशी.

पण कुलूप काय करणार? कुलूप उघडल्यावर आत जे दिसतं त्याचं काय? हा प्रश्न अण्णांना नव्हता, तात्यांना होता. तात्या म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ. घरात त्यांचा शब्द शेवटचा. अण्णा तसे बोलतच न्हाईत. तात्या बोलायचे आन अण्णा खोकायचे, आन त्या खोकल्याचा अर्थ 'बरं' असा असायचा.

टीव्हीत काही वंगाळ आलं, म्हणजे हिरो-हिरॉईन जरा जवळ आले, की आमच्या घरात एकदम पळापळ. माय पाणी प्यायला उठायची. अण्णा खोकायचे, पण हा खोकला निराळा. आन तात्या भर गाण्यात मोठ्यानं विचारायचे, "काय हो, औंदा तुरीला फुलोरा कसा हाय?" कुणाच्या तुरी आन कुणाचा फुलोरा, पडद्यावर पावसात दोघं भिजायलीत! कुणीतरी दयेनं म्हणायचं, "बराय तात्या." तवर गाणं संपायचं. लेकरं मात्र तुरीचा फुलोरा म्हणलं की आपापसात खुसखुस हसायची. एकदा शाळेत गुरुजींनी तुरीवर निबंध सांगितला तर आर्धा वर्ग लाजला म्हणं.

मंग एक दिवस काय झालं, लय वारं सुटलं. शिनेमा चालू होता, हिरो आला, हिरॉईन आली, हिरोनं तिचं तोंड असं दोन्ही हातात धरलं, तात्यांनी तुरीसाठी तोंड उघडलं, आन तेवढ्यात वाऱ्यानं अँटेना फिरली! पडद्यावर नुसत्या मुंग्या. पांढऱ्या-काळ्या, गिजबिज. दोघंबी गायब. तात्या पडद्याकडं बघतच राहिले. मंग म्हणाले, "वाऱ्याला कळतंय, पर आपल्याला कळंना."

दुसऱ्या दिवसापासून माझी नेमणूक झाली.

आमचं घर जुन्या पद्धतीचं, मातीचं सपाट माळवद. परभणीचं चित्र वालूरपर्यंत यायचं म्हणजे बेजारी, म्हणून अँटेनाचा पाईप लय उंच बांधलेला. त्या पाईपला धरून मी उभा राहायचं. खाली तात्या पहिल्या रांगेत बसणार. वंगाळ आलं की ते इशारा देणार, मी पाईप फिरवणार, खाली मुंग्या. वंगाळ सरलं की परत इशारा, परत पाईप, परत चित्र.

"मीच कामून?" मी विचारलं.

"तू मोकळा हायस," तात्या म्हणाले. "आन दुसरं म्हणजे, तूबी अजून लेकरूच हायस. वर आसलास की तुझंबी रक्षण होतंय."

बघा म्हणजे! माझ्या वयाच्या पोरांची लग्नं झालेली.

आता इशारा कोणता? 'वंगाळ आलं रे' असं गल्लीतल्या बायांपुढं वरडता येईना. तात्यांनी लय विचार केला आन शेवटी ठरवलं: "म्हैस सुटली!" आन सरलं की: "धरली!" आमच्या परसात म्हैस होतीच. म्हातारी, गरीब. आयुष्यात कधी सुटली न्हाई. दावं सोडलं तरी तिथंच उभी राहायची, परत बांधायची वाट बघत. पण तात्या दर शुक्रवारी, दर रविवारी पाच-पाच येळा वरडायला लागले की म्हैस सुटली, आन आठ दिवसांत तिची अशी बदनामी झाली की बोरीहून एक व्यापारी तिला बघायला आलता, तो कासेला हातबी न लावता उठला. म्हणला, "न्हाई ओ, जनावर चांगलं हाय, पर हिला सुटायची खोड हाय म्हणतेत." गल्लीतली एक म्हातारी तर प्रत्येक येळी खरंच उठून आपली म्हैस बघून यायची. तिला कुणी सांगितलंच न्हाई. सांगणार काय?

आन मी! मला त्या कामाचा असा चेव चढला की विचारू नका. माळवदाला उजेडासाठी एक भोक होतं, त्यातून खालचा आवाज यायचा आन लोकांची डोकी दिसायची, बाकी काही न्हाई. टीव्हीचं एक चित्र मला वरून दिसत नव्हतं. मंग मी आवाजावरून वळखायला शिकलो. सारंगी वाजली? धोका. बासरी? मोठा धोका. बाई हळू हसली? फिरव! तात्यांचा इशारा यायच्या आधीच मी मुंग्या आणायचो, आन तात्या खालून म्हणायचे, "शाब्बास रे!" मला वाटायचं, काय आपली कामगिरी. सगळ्या गल्लीची नियत आपल्या हातात हाय!

मंग एक दिवस बासरी वाजली आन मी फिरवला पाईप. खालून अण्णांचा आवाज आला. अण्णांचा! जे कधी बोलत न्हाईत. "आरं हाण त्याला कुणीतरी! बोंडअळीचं औषध सांगायलेत, बोंडअळीत काय वंगाळ हाय?" शेतीचा कार्यक्रम होता. त्याच्या सुरवातीला बासरी होती, मी काय करू? कुठलं औषध ते कळलंच न्हाई आन मी रात्रीचं जेवण मायच्या मागं लपून केलं.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात यायला पाहिजे होती ती आली न्हाई. अँटेना फिरवली की चित्र जातंय, पण आवाज जात न्हाई. खर्रर्र करतंय, पण ऐकू येतंय. म्हणजे लेकरं मुंग्यांपुढं बसून सगळं ऐकायची आन जे दिसत न्हाई ते मनानं भरायची. आन ते पडद्यावरल्यापेक्षा कितीतरी वंगाळ आसणार की! पण हे मला आता टाईप करताना कळायलंय. तवा मी पाईप धरून छाती फुगवून उभा.

आता माझ्या बहिणीचं सांगतो, कारण खरी गंमत तिचीच हाय.

ती माझ्यापेक्षा लहान, तवा नववीत. खो-खो खेळायची. खेळायची म्हणजे काय, वाऱ्यासारखी पळायची. तिच्या शाळेच्या पोरी जिल्ह्यात पहिल्या आल्या आन औरंगाबादला खेळायला जायचं ठरलं. तात्यांनी सतरा अटी घातल्या. सलवार-कमीज घालूनच खेळायचं, बाईंना सोडून कुठं जायचं न्हाई, जिंकलं तरी नाचायचं न्हाई. अण्णा खोकले. ती गेली.

आली ती अशी उड्या मारत. पण घरात काही बोलली न्हाई. मी परसात म्हशीला वैरण टाकायलो होतो, तिथं आली आन इकडं-तिकडं बघून म्हणली, "भाऊ, मी पुण्याला चाललेय."

"कुठं?"

"राज्याच्या शिबिराला निवडलंय मला. सोमवारी बाई घेऊन जाणार हायत. पर अण्णांनी हो म्हणलं तरच."

"मंग म्हणतील की."

"तात्या म्हणू देतील का?" ती खाली बसली. "आन भाऊ, अजून एक हाय. तिथं टीव्हीवाले आलते. मी पळायलेली घेतली त्यांनी. आन मंग माझ्यापुढं ते माईक धरलं, मी बोललेबी. शनिवारी संध्याकाळी दाखवणार हायत. बाईंनी सगळ्या गावाला सांगितलंय."

मी तर उडालोच! आमची पोरगी टीव्हीत! मी म्हैस सोडून नाचायला लागलो. ती मात्र माझ्याकडं रडक्या तोंडानं बघत होती.

"भाऊ, मी हाफ पँटवर खेळले."

माझा नाच थांबला.

"सगळ्याच पोरींना दिली तशी. बाई म्हणल्या सलवारीत पळता येत न्हाई, नेम हाय तसा. आता तात्या ते बघितले की झालं. पुणं बी गेलं आन शाळाबी. मला बघायचंय रे भाऊ टीव्हीत. एकदाच. पर तात्यांनी न्हाई बघितलं पाहिजे."

आता सांगा, अशा येळी माणूस कुणाकडं येणार? माळवदावरच्या साहेबाकडंच की! मी लगेच हुशारी काढली. इतकी हुशारी मी बारावीच्या पेपरात काढली असती तर आज टायपिंग शिकत बसलो नसतो. म्हणलं, "हे बघ. पळतानाचं मी मुंग्यांत घालतो. बोलतानाचं चित्र आणतो. बोलताना काय दिसणार?"

"नुसतं तोंड. आन वरून बाईंची ओढणी घेतलती मी."

"मंग झालं तर! तोंड बघ तू तुझं. पर मला वर कसं कळंल कवा काय चाललंय?"

"मी वरडते की," ती म्हणली. "म्हैस सुटली. आन मंग धरली."

बेत असा पक्का की वाटलं, आता काही चुकूच शकत न्हाई. एक गोष्ट आमच्या दोघांच्याबी डोक्यात आली न्हाई. 'म्हैस सुटली' हे वरडायचा अधिकार फक्त तात्यांचा होता.

शनिवारी आमच्या घरात पाय ठेवायला जागा न्हाई. आख्खी गल्ली, पलीकडची गल्ली, शाळेतल्या पोरी, त्यांच्या आया, खेळाच्या बाई. मायनं टीव्हीला हळद-कुंकू लावलं. अण्णांनी बंडी वर केली आन कुलूप उघडलं. तात्या पहिल्या रांगेत मांडी घालून, हातात काठी, आज जरा खूश. माझी पुतणी हाय म्हणून येईल त्याला सांगायलेत. मी वर पाईपला मिठी मारून. छातीत अशी धडधड की पाईप हलायला लागला आन खालून वरड्या, "आरं नीट धर की! चित्र नाचायलंय!"

मंग ती मराठी बातम्यांतली बाई बोलली, मराठवाड्यातल्या मुलींनी खो-खोत कशी चमक दाखवली वगैरे. खाली एकच गलका. शिट्टी वाजली. आन बहिणीचा आवाज आला, असा चिरका, की शेजारच्या गावाला ऐकू जावा:

"म्हैस सुटली!"

मी घुमवला पाईप. खर्रर्र. मुंग्या.

"आरं कामून फिरवलं?" "ए, आपली पोरगी हाय ती!" "वरून कोण हाय रे, हाणा त्याला!" सगळी गल्ली बोंबलायला लागली. पण त्या गोंधळात मला तात्यांचा आवाज ऐकू आला. ते वरडत नव्हते. ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणले, "मी तर वरडलो न्हाई."

मंग काठी आपटल्याचा आवाज आला.

"मी वरडलो न्हाई," तात्या मोठ्यानं म्हणले, "म्हणजे खरीच सुटली!"

आन उठले! काठी घेऊन! "चला रे, म्हैस सुटली!" म्हणत परसाकडं पळाले. आन तात्या पळाले म्हणल्यावर गल्लीतले आर्धे बापे त्यांच्या मागं. वरून मला सगळं दिसायलंय. परसात म्हैस आपली दाव्याला बांधलेली, डोळे मिटून रवंथ करायलीय, आन एवढी माणसं काठ्या घेऊन तिच्या अंगावर. त्या म्हातारीनं उभ्या जन्मात असं बघितलं नव्हतं. ती बिचकली, तिनं एक हिसका मारला, आन दावं तुटलं.

मंग ती खरंच सुटली.

आता माझी हालत ऐका. माळवदावर एक मी. खालच्या भोकातून बहीण वरडायलीय, "धरली! भाऊ, धरली!" म्हणजे चित्र आण. मी पाईप फिरवला. तेवढ्यात परसातून तात्या, "सुटली! आरं सुटली!" मी परत उलटा फिरवला. सवय हो! हात ऐकतच न्हाईत, तात्यांचा आवाज आला की आपोआप फिरतात. "धरली!" इकडं. "सुटली!" तिकडं. "धरा! शेपूट धरा!" आता शेपटाचं काय करू? अँटेनाला शेपूट न्हाई! मी नुसता त्या पाईपभोवती गरागरा फिरायलो. म्हैस उकिरड्याला वळसा घालायली, तात्या तिच्या मागं, आन मी पाईपला वळसा. आन अशात कटकन् काहीतरी वाजलं. वायर तुटून माझ्या हातात आली.

मी वायर तशीच दातात धरून अँटेनाच्या काड्यांना चिकटवायला बघायलो. आन तवा खालून तिचा आवाज आला. टीव्हीतला. खर्रर्र करत, पण साफ.

कुणीतरी तिला विचारलं, खेड्यातून आलीस, घरचे खेळू देतात का?

आन ती म्हणली, शाळेत बोलतेत तसं शुद्धात, "हो. आमचे अण्णा म्हणतात, मुलींनी खेळलंच पाहिजे. लोक काय म्हणतात ते बघायचं नाही. त्यांच्यामुळेच मी इथं आले."

मी दातातली वायर सोडली.

अण्णा? आमचे अण्णा? अण्णांनी उभ्या आयुष्यात असं काही म्हणल्यालं मी तरी ऐकलं न्हाई. अण्णा 'पाऊस येईल' एवढंसुद्धा म्हणत न्हाईत, येऊन गेल्यावर खोकतात. मी पळत जाऊन भोकाला डोळा लावला. खाली राहिल्या होत्या बाया, लेकरं, आन मधी एकटी अण्णांची टोपी. सगळी डोकी त्या टोपीकडं वळलेली. टीव्हीत नुसत्या मुंग्या, दुसऱ्या बातम्या चालू झालेल्या, तिकडं कुणी बघंना.

"अण्णा," शेजारची काकी म्हणली, "असं म्हणलात तुमी पोरीला?"

टोपी हलंना. माझी बहीण भिंतीला चिकटून उभी. मला तिच्या डोक्याचा नुसता भांग दिसत होता.

अण्णा खोकले.

मंग म्हणले, "म्हणलो आसंन."

तवर तात्या म्हशीला धरून दारात आले. घामाघूम, धोतराचा सोगा हातात, सगळं अंग उकिरड्यानं माखलेलं. "दिसली का पोरगी? काय झालं?"

"दिसली न्हाई तात्या, पर बोलली!" सगळ्या बाया एकदम. आन मंग प्रत्येकीनं ते वाक्य सांगितलं, प्रत्येकीनं जरा वाढवून. तिसरीपर्यंत तर अण्णांनी भाषण केल्यालं झालं.

तात्यांनी अण्णांकडं बघितलं. "तू म्हणलास असं?"

"टीव्हीत आलंय की," अण्णा म्हणले.

आता तात्यांची पंचाईत! आमच्या गल्लीत टीव्हीत आलं म्हणजे झालंच. आन ज्या माणसानं वर्षभर सांगितलं की टीव्हीत आलेल्याचा माणसावर परिणाम होतो, त्यानं आता काय म्हणायचं? शिवाय दारात आर्धं गाव उभं, आन सगळे अण्णांकडं असं बघायलेत जसं काय त्यांनीच कप जिंकलाय. तात्यांनी म्हशीचं दावं या हातातून त्या हातात घेतलं. "मंग ठीक हाय," म्हणले. "पर मला कुणी सांगितलं न्हाई ते."

पुण्याला जायचं ठरलं ते असं. बाईंनी तिथल्या तिथं विचारून घेतलं आन अण्णा खोकले. 'बरं'वाला खोकला.

मी वरून उड्या मारतच खाली आलो. मला वाटलं बहीण आता माझ्या गळ्यात पडणार. ती चुलीपाशी बसलेली, पाठ करून.

"बघ! झालं का न्हाई? मी म्हणलं नव्हतं?"

"काय म्हणलास तू?" ती वळली. डोळे लाल. "एक डाव तोंड दाखव म्हणलं होतं तुला. एक डाव! दुसऱ्या गावच्या पोरींनी स्वतःला बघितलं आसंल आपापल्या घरी. मी मुंग्या बघितल्या."

"पर तुझा आवाज काय मस्त आला! मुंग्यांत असा घुमत होता की..."

तिनं शेंगांची टरफलं मूठभर उचलून माझ्या तोंडावर मारली. बरोबरच होतं. पण मीबी मीच! गप बसावं की न्हाई? म्हणलं, "आन अण्णांचं ते कुठून काढलंस? अण्णा कवा म्हणले?"

"म्हणायला पाहिजे होतं की न्हाई त्यांनी?" ती म्हणली. "मंग. मी म्हणले त्यांच्या वतीनं."

तेवढ्यात शेजारच्या काकीची बारकी पोरगी, तिसरी-चौथीतली, दारात येऊन उभी राहिली. फ्रॉकचं टोक चघळत म्हणली, "अक्के, तू पांढरी चड्डी घातलती ना?"

बहिणीनं तिला वढून आत घेतलं. "तुला कुणी सांगितलं?"

"दिसलं की."

"मुंग्यांत?"

"मुंग्यांत दिसतंय आम्हाला," पोरगी म्हणली. "डोळे असे बारीक केले की सगळं दिसतंय. नेहमीच दिसतंय."

नेहमीच! म्हणजे मी तिथं उन्हात, वाऱ्यात, पाईप धरून, बासरी ऐकून आन खाली ही एवढी एवढी लेकरं डोळे बारीक करून आख्खा शिनेमा बघायलीत! मी तसाच मटकन् बसलो. गल्लीत टीव्हीपासून सुरक्षित राहिलेलं एकच लेकरू होतं, आन ते बारावी नापास होतं.

बहिणीला त्याचं काहीच न्हाई. तिनं पोरीच्या हातात गुळाचा खडा दिला, पुढं सरकली आन हळूच विचारलं, "मंग मी कशी दिसत होते?"

पोरीनं गूळ चोखत विचार केला. "दिसत नव्हतीस," ती म्हणली. "लय जोरात पळत होतीस."

बहीण हसली. तवा कुठं हसली.

सोमवारी तिला सोडायला अण्णा आन मी फाट्यावर गेलो. त्या दिवसांत आज विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद तर उद्या नामांतराच्या विरोधात, एसटी येईल का न्हाई कुणालाच सांगता यायचं न्हाई, म्हणून आमी लय लवकर जाऊन बसलो. बाई दुसऱ्या पोरींना घेऊन सेलूला भेटणार होत्या. तात्या आले न्हाईत. म्हशीमागं पळून त्यांच्या पायात गोळा आलता, म्हणं. निरोप मात्र पाठवला होता, मायच्या हाती: पुण्यात कुणी टीव्ही लावला तर बघू नको.

गाडी आली. कंडक्टर वळखीचा होता, म्हणला, "कुठं चालली ताई?" तर अण्णा, आमचे अण्णा, ती काही बोलायच्या आत म्हणले, "पुण्याला. राज्याच्या शिबिराला निवडलंय. मी पहिल्यापासून म्हणतो, पोरींनी खेळलंच पाहिजे. लोक काय म्हणतेत ते बघायचं न्हाई."

मी बहिणीकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलंच न्हाई, नुसतं खिडकीचं लोखंड घट्ट धरलं.

मी पिशवी वर ठिऊन खाली उतरलो. अण्णा खिडकीपाशी गेले. कंडक्टर घंटी वाजवायच्या तयारीत. अण्णा दोनदा खोकले, आन मला ह्या खोकल्याचा अर्थ लागंना. मंग खिडकीत तोंड घालून, हळू, पण मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणले, "तिथं ते... आखूडच घालावं लागतं का?"

बहिणीचं तोंड एकदम उतरलं.

"घाल," अण्णा म्हणले. "सलवारीत पाय आडकतो तुझा. मागं शाळेत पडलीस तवा मी बघितलंय."

घंटी वाजली. गाडी हलली तरी अण्णा खिडकी धरून चालायलेत, दोन पावलं, चार पावलं, आन ती आतून नुसती मान हलवायलीय, हो, हो, हो म्हणत. धुरळा बसेपर्यंत आमी दोघं तिथंच उभे. मला लय विचारायचं होतं की अण्णा, तुमीबी डोळे बारीक करता का? पण ते खोकले आन घराकडं चालायला लागले, आन मी मागं.